गाडीत राहिलेले तीन रोल

वडिलांचा जुना कॅमेरा मी अजून वापरतो. त्यात रोल घालावा लागतो, आणि काढलेला रोल धुऊन होईपर्यंत थंड ठेवावा लागतो. रोह्यात उन्हाळ्यात घराच्या भिंतीसुद्धा तापतात, म्हणून आमच्या फ्रीजच्या दारात लोण्याशेजारी माझे रोल असायचे. बायको कुरकुरायची, पण हलवायची नाही.

यंदा तीन रोल आत्याचे होते. ती पेणच्या पुढे, धरमतरच्या खाडीकाठच्या गावात राहते. तिचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. आजूबाजूच्यांनी मीठ काढणं कधीच सोडलं होतं. बांध फुटला की दुरुस्त करायला माणसं मिळत नव्हती. हा आपला शेवटचा हंगाम, असं तिनंच सांगितलं, म्हणून मी चार रविवार तिकडे गेलो. ती उन्हात मीठ ओढत राहिली. मी समोर आलो की म्हणायची, "माजा काय काढतोस? मीठ काढ, मीठ."

मे महिन्यात शिफ्टमधून एक सुट्टी मिळाली. रोल मुंबईला धुवायला द्यायचे ठरवले. पिशवीत घट्ट बांधून ते थर्माकोलच्या डब्यात बर्फाबरोबर ठेवले आणि ऊन चढायच्या आत निघालो. नागोठण्याला आतेभावाचा फोन आला.

"आय पडली. तोंड वाकडं झालंय. तू कुठं हायस?"

ते तिला पेणच्या दवाखान्यात आणत होते, पण त्यांच्याआधी मीच तिथे पोचलो. सावली शोधायला वेळ नव्हता, मिळाली त्या मोकळ्या जागेत गाडी लावली. डॉक्टरांनी तिला तपासून लगेच पनवेलला न्यायला सांगितलं. आतेभाऊ कागद घेऊन नुसता उभा होता, त्याला काही वाचवेना. मग मीच सह्या केल्या आणि दोघं तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसलो.

डबा आठवला तेव्हा दुपार झाली होती. आयसीयूच्या दाराबाहेर मी उभा होतो आणि गाडीची किल्ली माझ्या खिशात होती. पेणमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं. आतेभावाला एकट्याला सोडून जावं तर आतून कधीही बोलावणं येत होतं. हे औषध आणा, इथे सही करा. त्याला रोलचं सांगायचीही मला लाज वाटली. आई आत असताना फोटोंचं काय बोलायचं? काचा बंद केलेल्या गाडीत एव्हाना बर्फाचं पाणी झालं असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बायको आली, तेव्हा मी पेणला गेलो. गाडीचं दार उघडल्यावर आतली हवा अंगावर आली. डबा उचलला तर आतलं पाणी कोमट लागलं.

तरी रोल मुंबईला धुवायला दिले. आठवड्याने तिथल्या माणसाचा फोन आला. शांतपणे म्हणाला, रंग गेलेत, सगळ्यावर धुकं आहे, जमेल तेवढं काढलंय. दहा-बारा फोटो निघाले. त्यांत मिठाचे ढीग कळत होते आणि वाकलेली एक बाई कळत होती. चेहरा एकातही नव्हता.

आत्या वाचली. घरी आली, पण उजवं अंग आणि बोलणं गेलं. पावसाच्या आधी मी त्यातल्या त्यात बरा फोटो घेऊन गेलो. तिनं डाव्या हातात धरून तो बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. कोण ही, असं ती विचारत होती.

"आय, तूच ती," आतेभाऊ म्हणाला.

तिनं मान हलवली, नाही म्हणून, आणि फोटो मला परत दिला.

मी समजावायला गेलो, ऊन, गाडी, रोल. अर्ध्यावरच थांबलो, कारण सांगायचं तर तिच्या आजारपणाचंच नाव घ्यावं लागलं असतं. आतेभाऊ चहा ठेवायला आत गेला. ती दाराबाहेर बघत राहिली. तिकडे भरतीचं पाणी फुटलेल्या बांधातून वाफ्यांमध्ये शिरत होतं.