आधी वय वाचा

"आधी वय वाचा. नाव नंतर."

डॉक्टरबाई असं म्हणायच्या आणि उजवा हात वर धरायच्या, रस्त्यात रिक्षा थांबवावी तसा. काचेची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावलेली असायची, दिवा पेटलेला असायचा, चष्मा केसांत खोचलेला असायचा. पण समोरच्याने फॉर्मवरचं वय मोठ्याने वाचल्याशिवाय त्या काही डोळा लावायच्या नाहीत. एकदा आमच्या तंत्रज्ञाने सवयीने आधी नाव वाचलं, तर म्हणाल्या, "नाव घेऊन मी काय करू? पेशींना नाव नसतं. वय असतं."

वसईत माणिकपूरला एका केमिस्टच्या दुकानावर आमची दोन खोल्यांची पॅथॉलॉजी लॅब होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी लग्न होऊन एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत राहायला आले होते आणि या लॅबमध्ये टायपिस्ट म्हणून लागले होते. रक्त-लघवीचे रिपोर्ट छापील फॉर्मवर जायचे. शरीरातून तपासणीसाठी काढलेले तुकडे मात्र डॉक्टरबाई स्वतः बघायच्या, कागदावर हाताने लिहायच्या, मी ते टाइप करायची आणि संध्याकाळी त्या सह्या करायच्या. सगळा कारभार एवढाच.

वयाचा हा नाद लॅबपुरता नव्हता. माझ्या सासूबाई एकदा साखर तपासायला आल्या. बाईंनी वय विचारलं. सासूबाई ऐटीत म्हणाल्या, "पंचावन्न." बाईंनी चष्मा खाली घेतला, सासूबाईंचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "हात एकसष्टचे आहेत." सासूबाई पुन्हा त्या जिन्याची पायरी चढल्या नाहीत. घरी मात्र साखरेपेक्षा त्या बाईचाच विषय महिनाभर चालला.

बाई इथल्याच, जुन्या वसईच्या ख्रिस्ती वाडीतल्या. सुती साडी, गळ्यात बारीकसा क्रूस, रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवायची नाही आणि सोमवारी भांडण चुकवायचं नाही. भावाची केळीची बाग होती. तिथली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, त्यांच्या खणात कायम असायची, काचेच्या पट्ट्यांच्या डब्याला लागूनच. आलेल्यागेलेल्याच्या हातावर एक ठेवायच्या. "खा. रिकाम्या पोटी माणूस खोटं बोलतो," म्हणायच्या. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, ते मी कधी विचारलं नाही.

भांडणं बहुतेक फोनवर व्हायची आणि बहुतेक पोटावरून व्हायची. जठरात राहणारा एक जंतू असतो, तो वर्षानुवर्षं अस्तराला सूज आणतो, व्रण करतो, हे तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी डॉक्टरांच्या गळी उतरत नव्हतं. ॲसिडमध्ये जंतू जगेलच कसा, असं ते विचारायचे. बाई म्हणायच्या, "मी त्याला परवानगी दिलेली नाही, डॉक्टर. तो मला न विचारता जगतोय." पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, एवढं लांबलचक कशाला? सरळ ॲसिडिटी लिहा ना." त्यावर बाई शांतपणे म्हणायच्या, "ॲसिडिटी सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही," आणि फोन ठेवायच्या. मग पाच मिनिटं खोलीत कुणी जायचं नाही.

मिठागराकडच्या गावातली एक मुलगी आली तेव्हा मी दाराशीच बसले होते. सोबत आई. आईने रुमालात गुंडाळलेली छोटी बाटली दोन्ही हातांत धरली होती, देवाचं तीर्थ आणावं तशी. बाटलीत मुलीच्या जठराचे तीन बारीक तुकडे होते. एका नर्सिंग होममध्ये आठवड्यातून एकदा मुंबईचे सर्जन यायचे, त्यांनी दुर्बीण घालून काढलेले.

"दोन वर्सं झाली, बाय," आई म्हणाली. "पोरगी जेवत नाय. शाळेत बोलतात, नाटक करते. डॉक्टर बोलला, वयात येते तवा दुखतंच. गुलाबी औषध देतो. चार बाटल्या झाल्या, पाच झाल्या."

बाई बाहेर आल्या. मुलीला म्हणाल्या, "कुठे दुखतं? एक बोट ठेव." मुलीने छातीच्या हाडाखाली बरोबर एका जागी बोट टेकवलं. बाईंनी खणातून सुकेळं काढून पुढे केलं. मुलगी लाजून मागे सरली.

"नको. खाल्लं का दुखतं."

बाईंनी सुकेळं परत खणात ठेवलं. कुणी त्यांचं सुकेळं परत केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

चौथ्या दिवशी पट्ट्या तयार झाल्या. आतल्या खोलीत तंत्रज्ञाने वय वाचलं. मग बाईंचा आवाज आला, "परत वाचा." त्याने परत वाचलं. मी टाइपरायटरवर दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट बडवत होते, माझं तिकडे लक्ष नव्हतं. दुपारी बाईंचा कागद माझ्याकडे आला. त्यात जंतू होते, भरपूर. आणि खाली दोन ओळी होत्या, ज्या मी तोवर साठीच्या आणि सत्तरीच्या माणसांसाठीच टाइप केल्या होत्या: जठराचं अस्तर काही ठिकाणी झिजलं आहे, काही ठिकाणी आतड्यासारखं बनू लागलं आहे; हा कर्करोग नाही, पण त्याच्या आधीचा बदल आहे; जंतूवर पूर्ण उपचार करावेत आणि पुन्हा तपासणी करावी.

आता मी काय केलं ते सांगते. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीत माझ्यासारखं माणूस पाहिलं असेल. मला चुका पकडायची हौस होती. पुरुषाच्या रिपोर्टवर गर्भाशय, डाव्याच्या जागी उजवा, असलं मी चारदोनदा पकडलं होतं आणि लॅबच्या मालकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. फॉर्मवर बॉलपेनने १३ लिहिलं होतं. मी त्या दोन ओळी वाचल्या, आकडा पाहिला आणि मनात म्हटलं, नर्सिंग होमवाल्यांनी उलटं लिहिलं. तेराव्या वर्षी असं कुठं होतं का? मी टाइप केलं, ३१. कुणाला विचारलं नाही. आईसोबत ती मुलगी माझ्यासमोर उभी राहिली होती, तिचं बोट मी पाहिलं होतं, तरी त्या नावाची आणि त्या मुलीची माझ्या डोक्यात गाठ पडली नाही. संध्याकाळी बावीस रिपोर्टांवर बाईंनी सह्या केल्या, त्यात यावरही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि एका सकाळी ती आई जिना चढून आली. हातात आमचाच रिपोर्ट, चार घड्या घातलेला.

"यो कागद आमचे पोरीचा नाय, बाय. डॉक्टर बोलला, नाव तेच हाय, पन दुसऱ्या कोना बाईचा हाय. वय बघा बोलला. आमचा काढून द्या."

बाईंनी कागद उलगडला. चष्मा केसांतून खाली आला. त्यांनी फॉर्मांची फाइल काढली, पट्टी काढली, पुन्हा पाहिली. मग मला आत बोलावलं.

"हे ३१ कुणी केलं?"

"मी."

"का?"

मी खरं ते सांगितलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही एकट्या नाही," त्या म्हणाल्या. "शाळेने ठरवलं, मुलगी नाटकी आहे. डॉक्टरने ठरवलं, वयात येतेय. तुम्ही ठरवलं, आकडा चुकलाय. मी सही करताना वय वाचलं नाही. मी! दोन वर्षं सगळे मिळून त्या पोरीला सांगतोय की तुला जे झालंय ते तुला होत नाही."

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिने हळूच विचारलं, "माझ्याच हातनं काय झाला का? लहान व्हती तवा मी घास चावून भरवायची. एकाच तांब्यानं पानी पितो आमी."

बाई तिच्याकडे वळल्या. "सगळ्या आयांनी भरवलंय तसं. माझ्याही आईने. तुमच्या गावात टँकर किती दिवसांनी येतो?"

"चार दिवसांनी. कदी आठ."

"मग स्वतःला दोष देऊ नका. पाणी पुरत नाही तिथे हा जंतू घरोघर असतो. आधी त्यांना विचारा," असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर हात केला. बाहेर नव्या इमारतीचा फलक होता, त्यावर निळाशार पोहण्याचा तलाव रंगवला होता. तो फलक मी रोज बघायची, मला तो कधी निर्लज्ज वाटला नव्हता.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते लॅबमध्ये कुणाला पटलं नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीत घातला, पट्टी रुमालात गुंडाळली आणि मला म्हणाल्या, "चला. फॉर्म तुम्ही धरायचा." रिक्षात पेटी मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याचं वय काढत, आम्ही त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पोहोचलो. बाकड्यावर दहाबारा पेशंट होते. बाई सरळ आत. टेबलावरच्या गुलाबी बाटल्या बाजूला सारल्या, पेटी उघडली, तिथलाच दिवा ओढून घेतला.

"मॅडम, तुमच्याच रिपोर्टात चूक होती," डॉक्टर म्हणाले. आणि ते खरं होतं. माझी मान खाली गेली.

"होती. वयाची. ती आमची. फोन का नाही केलात?"

"लहान मुलांमध्ये असं कुठे—"

बाईंनी उजवा हात वर केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाचा."

मी फॉर्म वाचला. "तेरा."

"परत."

"तेरा."

"आता बघा, डॉक्टर."

डॉक्टरांनी डोळा लावला. बाई शेजारी उभ्या राहून पट्टी सरकवत होत्या. हे जंतू, हे अस्तर, हे आतड्यासारखं झालेलं. डॉक्टरांनी मान वर केली. चिठ्ठी घेऊन मुंबईच्या सर्जनच्या नावाने पत्र लिहिलं. माणूस वाईट नव्हता, एवढं म्हणायला हवं. पण पाच महिने. मला आजही त्या पाच महिन्यांचा राग येतो, आणि तो राग कुणावर काढायचा हे शोधताना मी दर वेळी त्या टाइपरायटरपाशी येऊन थांबते.

मुलीला दोन आठवडे तीन औषधं एकदम दिली. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, ज्यांना लागली त्यांनाही औषधं मिळाली. बाई दर दोन दिवसांनी गोळ्यांची पाकिटं मागवून रिकामी आहेत का बघायच्या, कारण दुखणं थांबलं की औषध थांबवायचं ही आपली सगळ्यांची रीत. वर्षाने पुन्हा तुकडे आले. जंतू नव्हते. अस्तराची सूज उतरली होती. पण ती आतड्यासारखी झालेली जागा होती तशीच होती. "ती जाईलच असं नाही," बाई म्हणाल्या. "जंतू लवकर मारला असता तर झालीच नसती कदाचित. आता लक्ष ठेवायचं. आयुष्यभर." त्या दिवशी त्यांनी कुणालाच सुकेळं दिलं नाही.

पुढे लॅब एका मोठ्या कंपनीने घेतली. तुकडे गाडीने मुंबईला जाऊ लागले, बाईंच्या खोलीत रक्त घ्यायची खुर्ची आली, टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आला आणि मी काउंटरला बसू लागले. बाईंना निरोप म्हणून शाल दिली. त्यांनी ती घडीसुद्धा न मोडता शेजारच्या आयाबाईला देऊन टाकली. दोन वर्षांनी त्या गेल्या. चर्चमध्ये जागा पुरली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ती मुलगी एकटीच आली, अंगावर कॉलेजचा गणवेश, हातात बाटली. "त्या बाई कुठंयत?" म्हणाली. मी सांगितलं. तिने बाटली काउंटरवर ठेवली. मग पिशवीतून पुडी काढली. सुकेळी होती, बाईंसाठी आणलेली. एक मला दिलं, एक स्वतः खाल्लं, सगळं, तिथेच काउंटरला टेकून. आता दुखत नाही, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

फॉर्म मी भरला. नावाच्या आधी वय लिहिलं. आकड्यात, आणि पुढे अक्षरात: सतरा.

आठवड्याने मुंबईहून फोन आला. तरुण, चटपटीत आवाज. "मॅडम, वसईची ती स्टमक बायोप्सी आहे ना, त्यात एज सतरा टाकलंय. रिपोर्ट बघून वाटतं सेव्हन्टी वन असणार. करेक्ट करून टाकतो, हां?"

म्हणजे ती जागा अजून तशीच होती. आणि आपणही.

काउंटरपुढे रांग होती. माझा उजवा हात आपोआप वर गेला, आणि रांगेतला पहिला माणूस थबकला.

"हात लावू नका," मी म्हटलं. "फॉर्म समोर आहे ना? आधी वय वाचा. मोठ्याने."

"सतरा," फोनवरचा आवाज म्हणाला.

"परत वाचा."