शोकेसमधला साहेब

दर दिवाळीला ओल्या वर्तमानपत्रानं शोकेसची काच पुसताना भिजल्या कागदाचा वास नाकात जातो आणि माझा हात त्या एका फोटोपाशी थांबतो.

भोसरीत फोटो स्टुडिओ टाकण्याआधी मी चाकणच्या एका कंपनीत होतो. ओव्हरटाइमवरून आवाज चढवला म्हणून तिथल्या परदेशी साहेबानं मला काढलं, वर माझा फोटो गेटवर चिकटवला: ‘याला आत सोडू नये.’

वर्षभरानं तोच साहेब व्हिसा वाढवायला फोटो हवा म्हणून माझ्या स्टुलावर येऊन बसला. मला ओळखलंसुद्धा नाही! मी मुद्दाम मागच्या पांढऱ्या पडद्यावर त्याची सावली पाडली. सावली दिसते म्हणून व्हिसा ऑफिसात फोटो नापास झाला. तो परत आला, मी परत तेच केलं. तिसऱ्या दिवशी आला तो घामाघूम होऊन.

“भैया, कल लास्ट डेट है. बेटी का स्कूल है इधर.”

“हसना मत,” मी म्हणालो आणि नीट फोटो काढून दिला. तो गेल्यावर दुसऱ्यांदा नापास झालेला फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावला.

तेव्हा त्या चेहऱ्यावर मला फक्त त्याची जिरलेली दिसायची. आता भीती दिसते, गेटबाहेर उभ्या माझ्यासारखीच. थोडी दया येते. मग काच आणखी लख्ख पुसतो, रस्त्यावरून चेहरा नीट दिसावा म्हणून.