मालिकेतल्या बापाचा पार्ट

आमच्या बेंबळीच्या घरात महत्त्वाचं भांडण कधी समोरासमोर होत नाही. ते टीव्हीशी होतं. माझा थोरला भाऊ आणि त्याची लेक रोज संध्याकाळी एकच मालिका बघायचे. माझं सासर गावातच. मी लवकर जेवण उरकून पुढची जागा धरायला माहेरी हजर. इतकं रंगलेलं नाटक फुकटात दुसरीकडं कुठं मिळणार?

मालिकेतल्या पोराला शहरात हॉटेल काढायचं होतं आणि त्याच्या बहिणीला नोकरी करायची होती. पोराचं ऐकून दादा म्हणायचा, जाऊ द्या, पोरगा हाय. बहिणीनं तोंड उघडलं की तो टीव्हीवर डाफरायचा, "घरात काय कमी हाय हिला?"

हे कुणासाठी होतं ते भिंतीलाही कळत होतं. आमची पोरगी आयटीआयला वेल्डिंग शिकली होती. चाकणच्या एका कारखान्यात तिला काम लागलं होतं आणि सोमवारी निघायचं होतं. दादानं त्यावर तिच्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. तीही लसूण सोलता सोलता टीव्हीलाच उत्तर द्यायची, की कमी काही न्हाय, पण हिनं शिकलेलं काम काय शेजाऱ्यानं करायचं?

शनिवारी मालिकेतली पोरगी बॅग घेऊन बापासमोर उभी राहिली. बापानं तोंड उघडलं आणि लाइट गेली.

अशी संधी मी सोडते होय? मोबाइलची बॅटरी लावून उठले आणि जाहीर केलं की खेळ बंद पडलेला नाही. पोरीला पोरीचा पार्ट दिला, दादाला बापाचा. दादा म्हणाला, चावटपणा बास. मी उजेड सरळ त्याच्या तोंडावर धरला. तोंडावर उजेड पडल्यावर माणूस पार्ट नाकारत नाही. दादानं घसा खाकरला.

"जायचं न्हाय. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पोरगी लोखंड जोडती."

"ते पोरांचं काम हाय."

"पोराला तर जा म्हणालात की, अप्पा."

मालिकेतली पोरगी बापाला पप्पा म्हणते. अप्पा आमच्या घरातले. पोरगी जीभ चावेल असं मला वाटलं, पण ती तशीच उभी राहिली. माझा हात खाली आला. अंधारात दादाचा आवाज आला, आणि तो आता पार्टमधला नव्हता.

"आन् मी न्हाय म्हणलं तर?"

"तरी सोमवारी जाणार. पळून न्हाय, तुम्हाला सांगून."

तेवढ्यात लाइट आली. पडद्यावर मालिकेतली पोरगी बॅग टाकून बापाच्या पायावर पडली होती आणि हमसून हमसून रडत होती. दादाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. बघ, शीक काहीतरी, असं तो लेकीला म्हणाला.

वहिनी सगळा वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना पार्ट द्यायचं मला सुचलंच नव्हतं. त्यांनी पुढं येऊन टीव्ही बंद केला.

"त्या पोरीला रडायचा पगार मिळतो," त्या दादाला म्हणाल्या. "माझ्या पोरीला वेल्डिंगचा मिळणार हाय."

सोमवारी धाराशिवच्या स्टँडवर आम्ही तिघीच होतो. दादा आला नाही. पोरीनं एकदाही फाटकाकडं वळून बघितलं नाही, बॅग वर ठेवली आणि खिडकीची जागा पकडली. वहिनींचे डोळे कोरडे. मग दोघींच्या वाटणीचं मीच रडायला घेतलं, पदर तोंडाला लावून, चांगलं सुरात.

"वन्सं, बास करा," वहिनी म्हणाल्या. "पोरगी कामाला चाललीय, सासरला न्हाय."

गाडी हलली. मी पदर सोडला आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की सगळा स्टँड वळून बघायला लागला. बघू दे.