निम्मेकाकांचं दुखणं

जुन्या फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थांना सगळी गल्ली निम्मेकाका म्हणायची. समोरचा कितीही किंमत म्हणो, काका त्याच्या निम्मं म्हणायचे. कोणी खुर्ची विकायला आणली की तिच्याभोवती एक फेरी मारायची, तोंड पाडायचं आणि म्हणायचं, "पाठ गेलीय हो हिची." चाळीस वर्षांत त्यांच्या दुकानात धड पाठीची एकही खुर्ची आली नाही.

मग काकांचीच पाठ गेली. तपासण्या झाल्या आणि कॅन्सर मणक्यात उतरल्याचं कळलं. तेही काकांनी सवयीप्रमाणे निम्मंच ऐकलं. मणका ऐकला, कॅन्सर सोडून दिला. दुखणं मात्र निम्मं होईना. आडवं पडलं की कळ थेट मस्तकात जायची. वीस दिवस ते बसल्या बसल्या डुलक्या काढत होते. पाठ टेकून तासभर झोप मिळावी, एवढंच आता त्यांना हवं होतं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. तुम्हाला किती दुखतंय?"

आकडा ऐकताच काकांमधला व्यापारी जागा झाला. जो आधी खरा आकडा बोलला, तो बुडाला! "पाच," काका म्हणाले आणि बाई आता आकडा वाढवतील म्हणून वाट पाहत बसले. बाईंनी मुकाट्यानं पाच लिहिलं आणि साध्या गोळ्या दिल्या. काका चाटच पडले.

"पाच?" घरी काकू कडाडल्या. "काल टॉवेल दातात धरून बसला होतात!"

"अगं, सुरुवात कमीपासूनच करायची असते."

"दुखणं म्हणजे काय कपाट आहे?"

पुढच्या आठवड्यात काकूंनी बाईंसमोर बसल्या बसल्याच सांगून टाकलं, "यांचं काही खरं धरू नका. हे सगळ्याचं निम्मं सांगतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, इथे घासाघीस नाही. तुम्ही म्हणाल तेच मी धरणार."

काकांनी खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. खरा आकडा सांगायची जिभेला सवयच नव्हती.

"दहा," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. फार लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

बाईंनी मॉर्फिनची गोळी लिहून दिली.

"म्हणजे अफूच की! या वयात मला गर्दुल्ला करता?"

"दुखण्यासाठी, मी सांगते तेवढीच घेतलीत तर ती भीती फार थोडी. घड्याळ लावून दर चार तासांनी घ्यायची, दुखायची वाट बघायची नाही. जास्त घ्यायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, कुलपात ठेवायची. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज, नाहीतर पोट संपावर जाईल. फार गुंगी वाटली तर लगेच फोन करा."

"सुरुवातीला निम्मी घेऊ का?"

"पूर्ण!" दोघी एकदम ओरडल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका भीत भीत आडवे झाले, आणि झोपले. घर इतकं शांत झालं की काकूंनी घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

"आहे मी," काका डोळे न उघडता म्हणाले. "पण आता गप बस."

काकूही शेजारी लवंडल्या. संध्याकाळपर्यंत दोघं घोरत होती.

पुढच्या खेपेला काकांनी ऐटीत सांगितलं, "दोन."

"खरे दोन?"

"अगदी खरे. म्हणजे आजार गेला म्हणायचा का?"

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "नाही, काका. दुखणं कमी झालंय. आजार आहे तिथेच आहे."

या वेळी काकांनी सगळं ऐकलं. त्यांनी विचारलं, "मग किती?"

"नक्की कुणीच सांगू शकत नाही. माझा अंदाज सहा महिन्यांचा आहे."

"बारा करा ना, बाई," शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या.

काकांनी काकूंचा हात हातात घेतला.

"अगं वेडे, एकदम दुप्पट मागतात का कुठे? एकेक महिना वाढवत न्यायचा."