मंगळवारची हजेरी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी कौतुकानं "बाई, तुम्ही किती पोरी शिकवल्या" असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. शिकवल्या, खरं आहे. त्यातल्या एकीचं सांगते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नाशिकपासून एसटीनं तासाभरावर, दिंडोरीच्या बाजूला, सातवीपर्यंतची एक शाळा होती. मी तिथं शिक्षिका होते, नाशिकहून रोज जाऊन-येऊन. पट घसरला, एक तुकडी बंद झाली आणि मी जादा ठरले. जादा म्हणजे पगार चालू, पण वर्ग नाही. बदलीची ऑर्डर काही येईना. बाकीचे गुरुजी "तुमची मजा आहे बुवा" म्हणून टोमणे मारायचे. हेडमास्तर मात्र व्यवहारी माणूस. म्हणाले, "बाई, शाळेतून गळालेली पोरं गोळा करा. तेवढंच करा, दुसरं काही नको."

दोन वर्षं मी तेवढंच केलं. सकाळी सातला वस्तीवर हजर. "शाळेत का आली नाहीस" असं मी कधी विचारत नसे, कारण "उद्या येती" हे उत्तर तयारच असायचं. मी आपली उंबऱ्यात बसायची, कोरा चहा घ्यायची आणि पोर सोबत घेऊनच उठायची. पोरीच्या कडेवर धाकटा भाऊ असला तर तोही यायचा आणि शाळेच्या ओट्यावर माझ्या शेजारी झोपायचा. मागं पडलेल्यांना मी त्याच ओट्यावर बसवून शिकवायची. येत नाही याची लाज एकदा गेली की पोर टिकतं, हे मला कुठल्या पुस्तकात नाही, त्या ओट्यावर कळलं.

ही पोरगी मी अशीच आणलेली. वडील नव्हते. आई एका बागाईतदाराच्या मळ्यात कामाला, राहायचं त्याच्याच बांधावरच्या खोलीत. भागाकार म्हटलं की पोरीला तहान लागायची. मी म्हणायची, "तुझी तहान गुणाकाराला कुठं जाते गं?" मग लाजून हसायची. वर्षभरात भागाकार आला. सातवी पास झालं की बालवाडीत मदतनीस म्हणून घेतात, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं आणि ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तिसऱ्या वर्षी सातवीच्या गुरुजींची बदली झाली, जागा भरली नाही आणि छपन्न पोरांची सातवी माझ्या गळ्यात पडली. तीही त्याच वर्गात. वरून कुटुंबनियोजनाच्या केसेस मिळवणं, मतदारयाद्या, स्कॉलरशिपचे जादा तास. वस्तीवर जाणं आधी फक्त शनिवारी दुपारी उरलं, मग जमेल तेव्हा, मग बंदच पडलं.

संक्रांतीनंतर ती यायची थांबली. आईची कंबर धरली होती आणि तिच्या जागी मळ्यात पोरगी उभी राहिली. काम थांबलं असतं तर खोली गेली असती. इकडं सलग गैरहजर पोराचं नाव कमी करायचा नियम. एकदा नाव कमी झालं की तिची आई ते परत घालायला शाळेची पायरी चढली नसती. म्हणून मी तिची हजेरी लावली. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन. मार्चपर्यंत माझा हात रोज न बघताच तिच्या नावापुढं खूण करत होता.

मला वाटायचं, मी तिला शाळेत धरून ठेवलंय. कसलं डोंबलाचं धरून ठेवलंय! रिकाम्या चौकटी निदान डोळ्यांत खुपल्या असत्या, एखाद्या सकाळी मी चप्पल घालून निघाले असते. हजर दिसणाऱ्या पोरीला शोधायला कोण जातं?

मार्चमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, मळणी यंत्रात गव्हाच्या पेंढ्या सारताना तिचा उजवा हात आत गेला. नाशिकला सिव्हिलमध्ये मनगटापासून काढावा लागला. बुधवारी वर्गातल्या पोरांनी मला सांगितलं. कुणीही आधी पोरगी कशी आहे ते विचारील. मी आधी हजेरी उघडली. मंगळवारी ती हजर होती.

दोन दिवसांनी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावणं आलं. हवालदार आणि बागाईतदार खुर्च्यांवर बसले होते. पोरीची आई दाराशी उभी होती, तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. बागाईतदार सांगत होता, पोरीला कामाला कुणी लावलंच नव्हतं, शाळा सुटल्यावर संध्याकाळी खेळायला आली आणि मशीनमध्ये हात घातला. हवालदारानं हजेरी माझ्यापुढं सरकवली.

"बाई, मंगळवारी दुपारी पोरगी वर्गात होती?"

"साहेब, तिला शाळंत जाऊन दोन महिने झालं," आई मधेच म्हणाली. "बाईंना इचारा. त्या खोटं नाय बोलायच्या."

हेडमास्तर टेबलाकडं बघत राहिले. रोजच्या पटाखाली त्यांचीही सही होती. खोटी हजेरी म्हणजे सरळ निलंबन. माझ्या घरी वडील अंथरुणावर, मिळवणारी मी एकटी. ही कारणं खरी होती आणि आज ती सांगताना मला माझीच किळस येते.

"होती," मी म्हणाले.

हवालदारानं लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. मला वाटलं, आई शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती पायात चपला सरकवून निघून गेली आणि प्रकरण तिथंच मिटलं.

पुढं नोकरीभर प्रत्येक सभेत ऐकलं, गळती थांबवायला शिक्षकांनी फावल्या वेळात घरोघर जावं. दर वेळी मस्तकात तिडीक जायची. हे फावल्या वेळचं काम नाही हो. त्याला एक माणूस लागतो, ज्याला दिवसभर दुसरं कामच नाही. आमच्या शाळेत तसा माणूस होता, आणि सगळ्यांना तो फुकट पगार खाणारा वाटत होता.

तीन आठवड्यांनी ती घरी आल्याचं कळलं. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. शनिवारी शाळा सुटल्यावर मी वस्तीवर गेले. मला बघताच आई उठून गोठ्याकडं गेली. पोरगी दारात बसली होती, पांढरी पट्टी बांधलेला हात मांडीवर, डाव्या हातात पेन्सिल. मला बसायला जागा व्हावी म्हणून ती सरकली. मी माफी मागायची ठरवून गेले होते. तीच आधी बोलली.

"बाई, माझी हजेरी पुरी भरली हाय ना? हवालदार आईला म्हणला. मग मला परीक्षेला बसू देतील?"

"देतील," मी म्हणाले.

तिचा चेहरा खुलला. त्या पोरीला त्या हजेरीत एवढंच दिसलं होतं. तिनं वही माझ्यापुढं केली. पानभर वेडीवाकडी अक्षरं होती.

"डाव्यानं लय हळू व्हतं. तुम्ही पहिल्यावाणी रोज याल का?"

सोमवारपासून सकाळी सातलाच वर्गाची उजळणी होती. मला नाशिकहून आणणारी एसटी सकाळची एकच.

"रोज नाही गं जमायचं," मी म्हणाले.

ती परीक्षेला आली नाही.