ब्याण्णव टाके

अक्काला कॅन्सर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त अक्काला नाही.

असं आम्ही समजत होतो. आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून खरं काय ते लिहून टाकते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कळमनुरीत आमच्या अर्ध्या गल्लीच्या अंगावर तिच्या हातचे स्वेटर आहेत. मला विणकाम तिनंच शिकवलं, पाठीत धपाटे घालून.

रिपोर्ट आले त्या दिवशी दादानं आम्हाला नांदेडच्या दवाखान्याबाहेर उभं करून बजावलं, "तिच्यापुढं कोणी तो शब्द काढायचा न्हाई. खचून जाईल ती."
सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण.

तिला सांगितलं, साधी गाठ होती, काढली.
रेडिएशन सुरू झालं तेव्हा सांगितलं, जखम सुकायला शेक देऊन राहिलेत.
ती म्हणायची, "बराबर." बस्स, तेवढंच.

त्या शेकानं छातीची कातडी होरपळली. उजवा हात वर जाईना. थंडी पडली आणि डोक्यातून घालायचे स्वेटर बाद झाले. बटणं जखमेला घासायची. इथल्या दुकानातली लोकर टोचायची.

मग तिच्या पोरीनं बंगळुरूहून कुरिअरनं लोकर पाठवली. मेरिनो आणि रेशीम मिक्स, मोरपंखी रंगाची.
मी ठरवलं, समोरून उघडं जॅकेट विणायचं. बटण नाही, काज नाही, गळ्याला काही नाही. नुसतं खांद्यावरून घ्यायचं.

अक्कानं लोकरीची लडी गालाला लावली.
"आगं बाई! लोकर हाय का लोणी? एवढी भारी माझ्यासाठी? मी काय नवरी हाय का?"
कितीतरी दिवसांनी हसली होती.

आता प्रश्न मापाचा.
टेप लावला असता तर आकडा तिनं बघितलाच असता. ती टेप हातातून काढून घेऊन बघणारी बाई. म्हणून मी पाठीला तेल चोळायच्या बहाण्यानं वितीनं माप घेतलं.

हाताला बरगड्या लागत होत्या. तोंडानं मी शाळेतल्या गमती सांगत होते आणि आतून पार हादरून गेले होते.
तरी मनात म्हटलं, जमलं बाई. काय ती माझी हुशारी!

आठ दिवसांत मागची पाठ विणून झाली. दुपारी अक्का अंगणात उन्हाला बाजेवर बसली होती. आणि मीच, अक्कल गहाण टाकून, ती पाठ तिच्या मांडीवर ठेवली.
"बघ ना, किती मऊ झालीय."

विणलेलं काही हातात आलं की अक्का आधी काय करते, हे मला माहीत नव्हतं का? काठावरून बोट फिरवत जोडीजोडीनं टाके मोजते. आम्हा पोरींचं विणकाम जन्मभर तिनं असंच तपासलं.

ओठ हलायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं. आता हिसकावून तरी कसं घेऊ?

"ब्याण्णव," ती म्हणाली. "ही पाठ कोणाची हाय?"

"तुझीच की."

"मला एकशेदहा लागतेत. इतकी वर्षं एकशेदहाच घालून राहिले मी."

"ही लोकर जाड आहे अक्का. कमी टाके पुरतात."

तिनं धागा चिमटीत धरून चोळला.
"जाड न्हाई. आपल्या नेहमीच्या लोकरीएवढीच हाय. सुई कितीची घेतली?"

"दहा नंबर."

"नेहमीचीच."

"थोडा अशक्तपणा आहे गं. भरून येशील तू. डॉक्टर म्हणाले."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.
"काहून खोटं बोलून राहिली माझ्याशी?"

तेवढ्यात दादा चहा घेऊन आला. "काय चाललंय दोघी बहिणींचं?"

अक्काच बोलली.
"काई न्हाई रे. हिचे टाके चुकले, ते दाखवून राहिले."

दादा हसला. "अजून चुकतेत का हिचे?" म्हणत आत गेला. त्याला वाचवलं तिनं. मला पण.

मग तिनं पाठीची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली,
"बाह्या घालशील तवा अजून सहा टाके कमी घाल. तोवर तेवढेच लागतील."

मी म्हटलं, "व्हय."

तिच्या आजारपणात आम्ही दोघी खरं बोललो ते एवढंच. मी सुया बाजूला ठेवून तिचा हात धरायला पाहिजे होता. दोघी बहिणी पोटभर रडलो असतो. तिला कोणाला भेटायचं होतं, काय सांगायचं होतं, कशाची भीती वाटत होती, विचारायला पाहिजे होतं. मी भित्री. लोकर गुंडाळत बसले.

पुढचे दिवस ती आमच्यापुढं काही माहीत नसल्यागत वागली, आणि आम्ही तिच्यापुढं. एवढ्या माणसांच्या घरात तिनं ते एकटीनं सोसलं.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेला जो तो म्हणत होता, "बरं झालं, बिचारीला शेवटपर्यंत काही कळलं न्हाई."
मी त्यांच्यापुढंही मान हलवली. ती पण आज परत घेते. दादा, वाचत असशील तर वाच. तिला सगळं कळलं होतं.

जॅकेट तिनं अकरा दिवस घातलं. समोरून उघडं, मऊ, कुठं टोचलं नाही.
बाह्या मी सहा टाके कमी घालून विणल्या होत्या.
बरोबर बसल्या.

अक्का, स्मृतिदिनाच्या बॅनरवर श्रद्धांजली दादानं छापलीय. माझ्याकडून फक्त माफी.
जय भीम, अक्का.