उषाताईंची रायफल कोण तपासणार?

उषाताई कोणाचीही रायफल हातात घेण्याआधी तिचा वास घेत. गोळी आत सरकवणारा बोल्ट उघडायचा, नाक जवळ न्यायचं आणि डोळे मिटायचे. अळूवडी शिजली की नाही ते बघावं तशा. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या रायफलीला नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"तेल घातलंस होय गं ट्रिगरमध्ये?"

मी घातलं होतं. भरपूर घातलं होतं आणि वर त्याचा अभिमानही बाळगला होता. मी पुण्याची. यंत्र म्हटलं की तेल, एवढी अक्कल आम्हाला शिलाई मशीनपासून असते. सिंगापुरात बुओना व्हिस्टाला संशोधनाची नोकरी होती, आठवडाभर मान खाली घालून काम. शनिवारी तरी मोकळं व्हावं म्हणून कॉलेजातल्या एनसीसीच्या आठवणीवर मी इथल्या नेमबाजी क्लबात नाव घातलं होतं. इथे रायफल घरी नेता येत नाही. ती क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहते, गोळ्याही तिथेच घ्यायच्या आणि तिथेच संपवायच्या. त्यामुळे माझं तेलाचं कर्तृत्व सगळ्यांच्या देखत उघडं पडलं.

उषाताई मूळच्या कोल्हापूरच्या. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होत्या, हौगांगला फ्लॅटमध्ये एकट्या राहत आणि इतकी वर्षं इथे काढूनही कोल्हापुरी बायकांसारखं 'मी आलो, मी बघतो' असंच बोलत. त्यांनी माझा ट्रिगर खोलून दाखवला. आतून काळं, चिकट काहीतरी निघालं. पॉइंट टू-टूची गोळी मळकट असते, प्रत्येक बाराला काजळी आणि न जळलेल्या दारूचे कण मागे सोडते, ते तेलात अडकतात आणि मग ट्रिगरचे नाजूक दात एकमेकांत नीट बसत नाहीत, असं त्यांनी समजावलं. "तेल आणि काजळी एकत्र आली की काजळ होतंय. ते डोळ्यात घाल. रायफलीत नको." त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले आणि माझं नाव पडलं 'पुणेकर'.

आमच्यातल्या बहुतेकांनी रायफलीचा मूळ ट्रिगर काढून बाहेरून मागवलेला बसवून घेतला होता. मूळचा जड असतो, ओढता ओढता नेम हलतो. बाहेरचा हलका आणि स्वच्छ सुटणारा, शिवाय स्क्रू फिरवून हवा तेवढा हलका करता येतो. इथेच माणसाला मोह होतो. फार हलका केला, तर आतला दात जेमतेम टेकून राहतो आणि मग बोल्ट लावण्याच्या धक्क्यानेही बार उडू शकतो, बोट ट्रिगरवर नसताना. उषाताई म्हणत, "बाहेरचा ट्रिगर म्हणजे घरजावई. गुणाचा असला तरी नजर ठेवायला लागती."

आणि त्या नजर ठेवतही. हंगामाच्या सुरुवातीला क्लबात प्रत्येक रायफलीची तपासणी होई आणि ती उषाताई करत. रायफल रिकामी असल्याची खात्री करायची, गोळीवर आदळणारी पिन नळीच्या कडेवर आपटून ती खराब होऊ नये म्हणून आत वापरलेलं रिकामं काडतूस घालायचं, नळी वर करून रायफल उभी धरायची आणि ट्रिगरला वजन अडकवून उचलायचं. वजन टेबलावरून उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पास. मग दस्ता रबराच्या चटईवर दणकन आपटायचा, तेव्हाही सुटता कामा नये. पास झालेल्या रायफलीच्या स्क्रूवर त्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देत. ठिपका तडकलेला दिसला, की कोणीतरी स्क्रू फिरवला हे कळे. स्वतःच्या नखांना त्यांनी कधी रंग लावला नाही, पण पर्समध्ये लाल बाटली कायम.

सगळ्यांच्या रायफली तपासून झाल्या, की त्या आपली रायफल घेत, पाठ करून एकट्याच तपासत आणि ठिपका देत. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. अहो, उषाताईंची रायफल कोण तपासणार? आपण आईच्या स्वयंपाकाला मीठ चाखून बघतो का? शस्त्रागार सांभाळणारे अंकल लिम एरवी स्वतःच्या सावलीचंही ओळखपत्र मागतील असा माणूस, पण तेही म्हणत, "हर्स नो नीड टू चेक ला." म्हणजे तिची तपासायची गरजच नाही. मोठ्या माणसाच्या कामाला हात लावायचा नाही, याला आम्ही मान देणं समजत होतो.

नेमबाजी झाली, की आम्ही हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी प्यायला जायचो; कोपी म्हणजे इथली कॉफी. अलीकडे त्या वाफाळता ग्लास सरळ मुठीत धरत. मी चिमटीत कड धरून फुंकर मारत असायचे. एकदा मी चेष्टा केली, "ताई, हात आहे का सांडशी?" त्या हसल्या, ग्लास खाली ठेवला आणि विषय बदलला. मला विनोद जमल्याचा आनंद झाला होता. आता आठवलं तरी मान खाली जाते.

मग तो शनिवार आला. दुपारचा सराव होता, माझ्या शेजारच्या जागेवर उषाताई. त्यांनी गोळी घातली, बोल्ट पुढे ढकलून खाली दाबला आणि बार उडाला. त्यांचं बोट ट्रिगरपासून लांब होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नळी पुढेच होती म्हणून गोळी समोरच्या लाकडी चौकटीची ढलपी काढून मातीच्या बांधात गेली. कोणाला काही झालं नाही. पण बोट न लावता बार उडणं याला क्लबात क्षमा नाही, आणि तो उषाताईंचा उडाला होता.

त्यांनी बोल्ट उघडला, रायफल खाली ठेवली, दोन्ही हात मागे घेतले आणि जागा सोडून मागे येऊन उभ्या राहिल्या. चूक केलेली शाळकरी पोर उभी राहते तशा. अंकल लिम धावत आले, रायफल उचलून बघितली आणि लगेच म्हणाले, की हे बाहेरचे ट्रिगर असेच, भरवसा नाही यांचा. मी तर त्यांच्याही पुढे. मी म्हटलं, हो ताई, ट्रिगरच सदोष आहे, आपण बनवणाऱ्यांना कळवू, क्लबालाही सांगू की हा ट्रिगर सगळ्यांनीच काढून टाकावा. मला वाटलं, मी त्यांना वाचवते आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या दिवशी कोपी झाली नाही.

आठवड्याने सगळ्या सभासदांना बोलावलं होतं. लिम जाहीर करणार होते, की दोष ट्रिगरचा आहे. तसं झालं असतं, तर प्रश्न मिटला असता. उषाताईंची जागा, त्यांचा मान, तपासणीचं काम, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं.

लिम बोलायला उभे राहिले आणि उषाताईंनी त्यांना हाताने थांबवलं. माझी रायफल त्या दिवसापासून कुलपात आहे, कोणी हात लावलेला नाही, ती आत्ता इथे सगळ्यांसमोर तपासा, असं त्या इंग्रजीत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "पुणेकर, तू लाव वजन."

मी नको म्हटलं. त्यांनी हुक माझ्या हातात दिला. लिमनी रायफल उभी धरली, मी वजन अडकवलं आणि उचलू लागले. वजन अजून टेबलावरच होतं. टक्. एवढासा आवाज, पण मागच्या रांगेतल्यांनीही ऐकला. मला कोणाकडे बघवेना. आपल्या हाताने आपण कोणाच्या तरी अंगावरचा पदर ओढला, असं मला झालं.

उषाताई म्हणाल्या, "आता स्क्रू बघ." स्क्रूवर एकच ठिपका नव्हता. लाल रंगाचे थरावर थर होते, फोड आल्यासारखे. दर वेळी थोडा फिरवलेला, दर वेळी वरून नवा ठिपका दिलेला. मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं. साखरेच्या आजाराने बोटांची टोकं बधिर झाली आहेत, ट्रिगर कुठे अडतो ते बोटाला कळत नाही, त्यामुळे झटका बसू लागला. हलका केला की झटका कमी बसे, म्हणून त्या हलका करत गेल्या. ट्रिगर चांगला आहे, तुमचे कोणाचे काढायची गरज नाही, वाईट माझी निगा होती. हे सगळं त्यांनी एकदाही न अडखळता सांगितलं, मात्र नजर टेबलावरच्या वजनावर ठेवून. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. लिम खाली बघत होते. आम्ही सगळेच खाली बघत होतो. त्यांची रायफल इतकी वर्षं आमच्यातल्या कोणीही तपासायला हातात घेतली नव्हती, आणि हे त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

बाहेर बसस्टॉपवर मी त्यांना गाठलं. माफी मागायची होती, पण नेमकी कशाची ते जुळवता येईना. मी एवढंच म्हटलं, की ताई, ट्रिगरवर ढकललं असतं तरी चाललं असतं.

"त्याला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलायचं होय?" त्या म्हणाल्या. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "बोटाला कळंना झालंय, हे सांगायची लाज वाटली गं. त्या लाजेपायी स्क्रू फिरवत बसलो. तू शेजारीच होतीस त्या दिवशी. नळी जरा इकडं असती तर?"

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. बस आली, त्या चढल्या, आणि खिडकीतून नेहमीसारखा हात करायला विसरल्या.

त्यानंतर त्यांनी रायफलीला हात लावला नाही. नोकरी संपल्यावर कोल्हापूरला परत गेल्या. रायफल क्लबाला दिली. लिमनी तिला जुना जड ट्रिगर बसवला आहे, नवशिके आता तिच्यावर शिकतात. लाल बाटली माझ्याकडे आली, आणि बाटलीबरोबर तपासणीचं कामही.

हंगाम सुरू झाला, की त्या आठवणीने फोन करतात. तब्येतीचं विचारलं तर उडवून लावतात. त्यांना दुसरंच हवं असतं.

"सगळ्यांच्या झाल्या?"

"झाल्या."

"तुझी कोणी तपासली?"

"लिमनी. सगळ्यात पहिली, सगळ्यांसमोर."

हे खरं असतं. मी माझी रायफल आधी टेबलावर ठेवते आणि बाजूला होते. लिम हुक अडकवतात, सगळे बघत असतात आणि तेवढ्या वेळात माझे कान तापतात. ट्रिगर ठीक आहे हे मला माहीत असतं, तरीही तापतात. यंदा मी त्यांना ते सांगून टाकलं. म्हटलं, ताई, दर वेळी फार लाज वाटते हो.

 त्या म्हणाल्या, "वाटू दे की. गोळीपेक्षा बरी."